ऑपरेशन बेळगावला करायचं की कोल्हापूरला? सीमाभागातल्या गरीब घरांसाठी

कर्नाटकातल्या निपाणी, संकेश्वर, खानापूर, कागवाड या पट्ट्यात घरात कुणाचं ऑपरेशन निघालं आणि विमा नसला, की घरचे दोन वाटांचा विचार करतात. एक वाट बेळगावच्या सिव्हिलची, म्हणजे आताच्या बिम्सची (सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना). दुसरी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाची किंवा मिरजेच्या सरकारी दवाखान्याची. पाहुणे तिकडे, बोलणं आपलं, म्हणून मन तिकडे ओढतं. माझं मत आधीच सांगून टाकते: ऑपरेशन थांबता येण्यासारखं असेल आणि घरात कर्नाटकचं बीपीएल रेशनकार्ड असेल, तर सुरुवात बेळगावातूनच करा. जीव धोक्यात असेल तर राज्य बघू नका, जवळचा दवाखाना गाठा.

कारण पैशाचं आहे. कर्नाटकात 2018 पासून ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’ योजना आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेवरचं कार्ड असेल तर त्या उपचारासाठी ठरलेल्या पॅकेजच्या रकमेतला 30 टक्के भाग सरकार देतं, तोही वर्षाला दीड लाखांपर्यंतच. उरलेले 70 टक्के घरातून जातात. एकाच गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांमध्ये एवढी तफावत पडते, म्हणून आपलं कार्ड कुठल्या प्रकारचं आहे हे आजारपण येण्याआधीच बघून ठेवायला हवं.

या योजनेत लोक जिथे अडकतात ती जागा रेफरल लेटरची. साधे उपचार सरकारी दवाखान्यातच करायचे असतात. अवघड ऑपरेशनची सोय तिथे नसेल, तर सरकारी डॉक्टर चिठ्ठी देतात आणि त्या चिठ्ठीवर योजनेत असलेल्या खासगी रुग्णालयात दाखल होता येतं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी खासगीत दाखल होऊन, डिपॉझिट भरून, मग कार्ड पुढे केलं तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. सोनं गहाण पडतं, गोठ्यातली म्हैस विकली जाते, आणि कार्ड कपाटातच राहतं. हे टाळता येतं म्हणून फार जीव तुटतो. जिवावर बेतलेल्या तातडीच्या उपचारांची वेगळी यादी आहे, त्यांना ही चिठ्ठी लागत नाही. खासगीत पाऊल टाकलं की पहिल्यांदा आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल शोधा, बिलिंगच्या खिडकीवर नंतर जा.

आता पलीकडची बाजू. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै 2024 पासून वाढवली गेली. तिथल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना 5 लाखांचं संरक्षण आहे आणि त्या वाढीच्या वेळी 1356 उपचार त्यात बसत होते. एपीएल-बीपीएल असा भेद नाही, म्हणून कागदावर ती कर्नाटकपेक्षा उदार आहे. महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो ती सीमाभागातली 865 गावंही तिच्यात घेण्याचा निर्णय महाराष्ट्रानं 2023 मध्ये केला. पण कर्नाटक सरकारनं त्याला कडाडून विरोध केला आणि 2024 च्या सुरुवातीला बेळगावात अर्ज भरून घेणारी केंद्रं प्रशासनानं बंद केली. दोन सरकारांच्या या भांडणात आजारी माणसाची फरफट होते आणि त्याचा मला मनापासून राग येतो. पण निर्णय घेताना रागाचा उपयोग नाही. आपलं गाव 865 मध्ये आहे एवढ्या भरवशावर पेशंटला गाडीत घालून कोल्हापूर गाठू नका. निघण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला कार्डाचा आणि आधारचा फोटो पाठवा आणि दाखल करून घेणार का, हे स्पष्ट विचारा.

तिसरी एक शक्यता फारशी कुणी सांगत नाही. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं, हे खरं आहे. पण कर्नाटकात ती सवलत 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीतल्या कुटुंबांना आहे. फक्त बीपीएल कार्डाच्या जोरावर जे पात्र ठरले, त्यांचं कार्ड राज्याच्या आतच चालतं. आपलं नाव त्या यादीत आहे का, हे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तपासून मिळतं. नाव असेल तर निपाणीकरांना कोल्हापूरचं दार उघडं आहे, आणि त्यांच्यासाठी तेच सोयीचं: कोल्हापूर साधारण 40 किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट.

योजनेशिवायही सीपीआरला किंवा मिरजेला केसपेपर काढता येतो आणि तिथले दर खासगीच्या मानानं अगदी कमी असतात. खर्च वाढतो तो प्लेट, स्क्रू, स्टेंट अशा बाहेरून आणायच्या वस्तूंचा. योजनेत या वस्तू पॅकेजमध्ये येतात, योजना नसेल तर त्या विकत आणायची चिठ्ठी घरच्यांच्या हातात येते. ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. पण सीपीआर वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, त्यामुळे हा निर्णय तिथे लागू धरू नका. तो लागू आहे गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी, आणि संकेश्वरहून गडहिंग्लज बेळगावपेक्षा कितीतरी जवळ आहे. ताप, लहानसहान दुखणं, साधं ऑपरेशन यासाठी ते चांगलं.

बाळंतपणाची गोष्ट वेगळी. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि सून चंदगड-गडहिंग्लजकडची असेल तर तिचं नाव अजून माहेरच्या कार्डावरच असतं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे 2011 पासून देशातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. त्यामुळे ती माहेरी गेली तरी हरकत नाही, इकडे राहिली तरी नाही. तिचा तायी कार्डाचा किंवा जच्चाबच्चा कार्डाचा कागद (गरोदरपणातल्या तपासण्यांची नोंद) मात्र सोबत द्या, म्हणजे आधीच्या तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.

हायवेवर अपघात झाला तर रेशनकार्डाचा विचारही करू नका. मे 2025 पासून केंद्राची योजना लागू आहे: रस्ता अपघातातल्या कुठल्याही जखमीला अपघातापासून 7 दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस. पोलिसांत नोंद होईल एवढं बघा.

खानापूर, जांबोटीकडचे बरेच लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जातात. उपचार चांगले आहेत, पण 2018 पासून गोव्याबाहेरच्यांना तिथे पैसे भरावे लागतात. खानापूरहून बेळगाव तासाच्या आत येतं, त्यामुळे आधी बिम्स बघा.

बिम्समध्ये आपल्या लोकांची खरी अडचण भाषेची. फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असतो आणि म्हातारी माणसं न विचारता अंगठा देतात. नर्सपासून वॉर्डबॉयपर्यंत मराठी बोलणारं कुणी ना कुणी तिथे भेटतंच. सहीआधी ‘हे काय लिहिलंय, समजावून सांगा’ असं म्हणायला लाजू नका. कन्नड वाचता येणारा भाचा-पुतण्या एक दिवस सोबत नेला तरी बरंच काम सोपं होतं.

राहिला प्रश्न बीपीएल नसलेल्यांचा. टेंपोवाला, दोन एकरवाला शेतकरी, शिलाई करणारी बाई यांची कमाई कार्डापुरती जास्त आणि ऑपरेशनपुढे काहीच नाही. यांच्यासाठी मी यशस्विनीला पहिली पसंती देते. 2003 मध्ये सुरू झालेली, 2018 मध्ये बंद पडलेली ही सहकार खात्याची योजना 2022-23 पासून पुन्हा सुरू झाली. कृषी पत्तीन संघ (गावची शेतीकर्जाची सोसायटी), दूध सोसायटी किंवा पतसंस्थेचा सभासद असायला हवं. ग्रामीण भागात चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला 500 रुपये, पुढच्या प्रत्येकाला 100. शहरात चौघांना 1000. अनुसूचित जाती-जमातींची वर्गणी सरकार भरतं. संरक्षण 5 लाखांचं. अट एकच, नोंदणी ठरलेल्या मुदतीतच होते, आजार निघाल्यावर नाव घालता येत नाही. सोसायटीच्या सचिवाला यंदाची तारीख आजच विचारा. आणि बेळगावातल्या उद्यमबागच्या फौंड्रीत कुणी 21 हजारांच्या आत पगारावर असेल, तर त्याच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा कापला जातो का ते बघा. कापत असतील तर बायको-मुलांसह उपचारांचा हक्क आहे, मग यशस्विनीचीही गरज नाही.

शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्या मात्र यातल्या आयुष्मान किंवा फुले योजनेत येत नाहीत, कारण या योजना दाखल झालेल्या पेशंटसाठी आहेत. त्या गोळ्यांसाठी गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि तिथे संपल्या असतील तर जनऔषधीचं दुकान.