कुंडीत ज्वाला लावायची की भूत जोलोकिया?

जोलोकियाचं बी ऑनलाइन मागवायच्या आधी हे ठरवा की घरात मिरची रोज लागते का फक्त मित्रांची जिरवायला हवीय. माझ्याकडे पुण्यात गच्चीवर रोजच्या वापराची ज्वाला आणि भयंकर तिखट जोलोकिया, दोन्ही मिरच्या आहेत, त्यामुळे सांगतो.

ज्वालाचं बी आठ-दहा दिवसांत वर येतं. जोलोकियाचं तीन-चार आठवडे नुसती माती बघायची, मी तर पहिल्यांदा न राहवून उकरून बघितलं आणि आलेला एकमेव कोंब मोडला. कुंडीचं म्हणाल तर ज्वालाला १० इंची पुरते, जोलोकियाला रंगाची २० लिटरची बादली द्या, खाली भोकं पाडून.

पण खरा फरक पिकण्यात आहे. ज्वाला अडीच-तीन महिन्यांत हिरवी तोडायला मिळते, आणि तोडत राहिलात तर झाड परत परत फुलतं, लाल होईपर्यंत सगळ्या ठेवल्या तर नवीन फुलं कमी होतात. जोलोकिया हिरवी तोडण्यात मजा नाही, तिचा तो फळासारखा वास लाल झाल्यावरच येतो, आणि बी टाकल्यापासून लाल व्हायला पाच-सहा महिने सहज जातात. मी एकदा जुलैत बी टाकलं, मिरच्या धरल्या डिसेंबरात, आणि थंडीत त्या तशाच हिरव्या ढिम्म लटकून राहिल्या. आता मे मध्येच टाकतो. हिरवीगार मिरची तोडून घरात ठेवली तर ती पिकत नाही, नुसती चिमते, पण झाडावर रंग फिरायला लागला असेल तर कागदी पिशवीत चार-पाच दिवसांत लाल होते, हे दोन्हींना लागू.

एप्रिलमध्ये पारा ३५ च्या वर गेला की दोघींची फुलं गळतात, घाबरून खत ओतू नका, दुपारची सावली द्या. बोकड्या, म्हणजे पानं वळायचा रोग, दोघींवर येतो, पानं वळायला लागली की पानाखाली फुलकिडे आणि कोळी ही बारीक कीड बघा आणि संध्याकाळी निंबोळी तेल मारा.

तिखटाचं काय सांगायचं, जोलोकियाला २००७ मध्ये गिनीजने जगातली सगळ्यात तिखट ठरवलं होतं, १० लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वर. अख्ख्या पातेल्याला अर्धी पुरते, म्हणजे एका झाडाच्या मिरच्या चौघांच्या घरात वर्षभर संपत नाहीत. कापताना ग्लोव्हज घालाच, आणि जास्त तिखट बियांत नसतं, बिया धरून ठेवणाऱ्या त्या पांढऱ्या भागात असतं, तो काढला की बरीच माणसात येते.

म्हणून जागा एकाच कुंडीची असेल तर ज्वाला, विचारच करू नका. ऊन भरपूर आणि जागा दोन कुंड्यांची असेल तर जोलोकियाचं एक झाड लोणच्यापुरतं लावा.

शेजारी ठेवल्या म्हणून ज्वाला यंदा जास्त तिखट होत नाही, पण त्या मिरचीच्या बियांतून पुढच्या वर्षी संकर निघू शकतो. बी धरायचं असेल तर कळी उमलायच्या आधी तिच्यावर जाळीची छोटी पिशवी बांधा, मिरची धरली की पिशवी काढून देठाला लाल दोरा बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, आमच्याकडे नेमकी तीच मिरची पोह्यात गेली होती.