शिकाऊ हातात सेकंडहँड बाइक: अकरा महिन्यांनंतर

अकरा महिने झाले, साधारण ७,२०० किलोमीटर झाले. गाडी १५० सीसीची. घेतली तेव्हा सात वर्षं जुनी, मीटरवर २८ हजार. त्याआधी मी गिअरची गाडी कधी चालवलेलीच नव्हती. नवी की जुनी यावर घरात बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी ‘शिकताना गाडी पडणारच, मग जुनीच पडू दे’ या एका वाक्यावर गाडी ठरली.

पडली. नवव्याच दिवशी यू-टर्न घेताना, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी आडवी झाली. क्लच लिव्हरचं टोक तुटलं, इंडिकेटर वायरीवर लोंबायला लागला. अर्ध्या तासात दोन्ही बदलून झालं. नवीकोरी असती तर पुढचे पंधरा दिवस मी तिला हात लावला नसता, मी स्वतःला ओळखतो. नंतर आणखी दोनदा पडली, पण ओरखडे मोजायचं मी सोडून दिलं होतं.

खरा त्रास भलत्याच ठिकाणी निघाला. नवशिक्याला गाडीची खोड कुठली आणि आपली चूक कुठली, हेच कळत नाही. चार महिने मी समजत होतो की मला हळू चालवता येत नाही. ट्रॅफिकमध्ये गाडी सरळ राहायचीच नाही, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि मी सारखा हँडल सावरतोय. रिकाम्या मैदानात रोज सकाळी आठचा आकडा गिरवला. काही फरक नाही. मग एकदा मित्राची नवी गाडी दहा मिनिटं चालवली आणि चक्रावलोच, कारण तिच्यावर मी अगदी सरळ चाललो होतो.

मेकॅनिकने गाडी मेन स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचललं आणि हँडल एका बोटाने हळूच फिरवलं. बरोबर मधोमध ते खट्‌कन अडकलं. कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये, खड्डे पडले होते. नवा बसवला आणि एका दुपारीत मी ‘चांगला चालवायला’ लागलो.

पुढच्या टायरचीही तीच गत. नक्षी बरी दिसत होती म्हणून मी खूश. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे ३२१६ असेल तर २०१६ सालचा ३२ वा आठवडा. माझा टायर गाडीइतकाच जुना निघाला, रबर कडक झालेलं. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की चाक सरकायचं, आणि तेही मी माझ्याच हाताच्या नावावर टाकत होतो. चेनसेट (चेन आणि तिची दातेरी चाकं) आणि काळंकुट्ट ब्रेक ऑइल बदललं, त्याची कथा काही विशेष नाही.

बघायला गेलो तेव्हा विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवली होती. आता जाईन तर पहिल्यांदा इंजिनला हात लावून बघेन. गार इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, धूर काढतं का, ही खरी परीक्षा. दुसरं म्हणजे फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअब्सॉर्बरच्या, नळ्यांवर तेलाचा ओघळ आहे का ते.

एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, हे मात्र अजून खटकतं. ती काही नंतर बसवून घ्यायची वस्तू नव्हे. नव्या गाडीच्या बाजूने माझ्या लेखी हा सर्वांत मोठा मुद्दा, शोरूमच्या वॉरंटीपेक्षाही.

तरी आज कुणी विचारलं तर जुनीच घे म्हणेन. फक्त दोन अटी: बघायला जाताना मुरलेल्या चालवणाऱ्याला सोबत ने आणि ती गाडी दहा मिनिटं त्याला चालवू दे. दुसरं, टायर, चेनसेट, कोनसेट यांचे पैसे किमतीतच धर. तेवढे बाजूला काढता येत नसतील तर थोडं थांबून नवीच घेतलेली बरी.

माझी आता विकायला काढली आहे. डावीकडचे ओरखडे तसेच ठेवलेत. येणारा प्रत्येक जण त्यांच्यावर बोट ठेवून भाव पाडतो. टायरवरचे आकडे अजून एकानेही वाचलेले नाहीत.