कप की वजनकाटा? बेकिंगचं माप कशात धरावं

रेसिपी कपात लिहिलेली असली की तीन वाटा असतात. कपानेच मोजायचं, तक्ता बघून कपाचे ग्रॅम करायचे, किंवा मुळातच ग्रॅममध्ये लिहिलेली रेसिपी शोधायची. माझं मत आधीच सांगते: मैद्याला काटा हवाच, बाकीच्या जिनसांचं ज्याचं त्याचं वेगळं आहे.

मैद्यात हवा भरते, म्हणून तो कपात कसा गेला यावर त्याचं वजन ठरतं. चमच्याने हलकेच भरून वरून सुरीने सपाट केला तर कपात साधारण 120 ते 125 ग्रॅम बसतो. तोच कप थेट डब्यात खुपसून भरला तर 140 ते 150. आता 3 कप मैदा आणि 240 मिली पाणी असलेला ब्रेड घ्या. एकाच्या हाताने 360 ग्रॅम मैदा पडेल, दुसऱ्याच्या हाताने 450. पहिल्याच्या पिठात मैद्याच्या 67 टक्के पाणी, दुसऱ्याच्या पिठात 53. एकाचं पीठ मऊ, हाताला चिकटणारं. दुसऱ्याचं मळताना मनगट दुखवणारं. रेसिपी तीच, आणि दोघांनीही ती इमानाने पाळलेली.

त्यात कपही एक नाही. अमेरिकी कप साधारण 237 मिलीचा, ऑस्ट्रेलियाचा 250 चा, जपानचा 200 चा. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा 20 मिलीचा, इतर बऱ्याच ठिकाणी तो 15 चा. रेसिपी कुठली आहे हे पाहिल्याशिवाय कप उचलू नये.

साखरेचं मात्र कपाशी बरं जमतं. दाणेदार साखर फारशी दबत नाही, कपाला सुमारे 200 ग्रॅम भरतेच. पिठीसाखर त्याच कपात जेमतेम 120, आणि ब्राउन शुगर दाबून भरली तर 210 ते 220. म्हणून ‘1 कप साखर’ वाचलं की कुठली साखर हे आधी बघा. मध कपाला 340 ग्रॅमच्या आसपास जातो आणि कपाला चिकटूनही राहतो. तो सरळ भांड्यात ओतून काट्यावर मोजणं सोपं. पाणी आणि दूध कपाने मोजलं तरी बिघडत नाही. तेलाला एक सावधगिरी: काट्यावरचं मिलीचं बटण बहुधा पाण्याच्या हिशेबाने चालतं आणि तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे 100 मिली दिसेपर्यंत ओतलं तर खरं तेल 109 मिलीच्या आसपास पडतं.

चिमूटभर जिनसांत चमचा जिंकतो. घरगुती काटा सहसा 1 ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो. छोट्या चमचाभर यीस्टचं वजन असतं सुमारे 3 ग्रॅम, तिथे एका ग्रॅमची चूक म्हणजे तिसरा हिस्सा. बेकिंग सोडा, बेकिंग पावडर, यीस्ट यांना सपाट चमचा बरा. मिठाचं वेगळं: बारीक मिठाचा छोटा चमचा सुमारे 6 ग्रॅम, पण जाडसर, पापुद्र्यासारखं मीठ त्याच चमच्यात निम्मंसुद्धा भरू शकतं. ब्रेडसारख्या पदार्थात मीठ जास्त लागत असेल तर ते वजनानेच घ्या.

तक्त्याची वाट मधली, आणि तिच्यात एक खोच आहे. तक्ता कपाचं सरासरी वजन सांगतो. रेसिपी लिहिणाऱ्याने कप कसा भरला होता ते त्याला ठाऊक नसतं. तिने किंवा त्याने कुठे ‘माझा कप इतक्या ग्रॅमचा’ असं लिहिलं असेल तर तोच आकडा धरा. नसेल तर 125 ग्रॅमने सुरुवात करा, पीठ कसं झालं ते बघा आणि जमलेला आकडा रेसिपीशेजारी लिहून ठेवा. पुढच्या वेळी तक्ता लागणार नाही.

रेसिपी निम्मी करायची झाली तर काट्याला तोड नाही. अमेरिकी मापाचं मोठं अंडं कवचाशिवाय साधारण 50 ग्रॅमचं असतं. फेटून 25 ग्रॅम घेतलं की अर्धं अंडं झालं. शिवाय एकच भांडं काट्यावर ठेवायचं, प्रत्येक जिनसानंतर आकडा शून्यावर आणायचा. धुवायला कप उरतच नाहीत.