रेड विंगला जाताय? तंबू की मोटेल

व्हर्जिनियातल्या ॲशबर्नच्या आमच्या एका मित्राला यंदा रेड विंगच्या संगीत महोत्सवाला यायचंय, बायको आणि आठ वर्षांची मुलगी घेऊन, आणि त्याचा प्रश्न एकच आहे की तिथेच तंबू ठोकायचा का अर्ध्या तासावरच्या हॅरिसनबर्गला मोटेलात रूम घ्यायची. फोनवर तासभर बोलून झालं तरी त्याचं ठरेना, म्हणून नीट लिहूनच काढतो. मी दोन वर्षं मोटेलात राहून केलंय आणि दोन वर्षं तंबूत, त्यामुळे दोन्हीकडचं सुख आणि दोन्हीकडची कंबरदुखी अनुभवलेली आहे.

रेड विंग रूट्स म्युझिक फेस्टिव्हल 2013 पासून चालू आहे, द स्टील व्हील्स हा तिथल्याच खोऱ्यातला बँड त्याचा यजमान. शुक्रवार ते रविवार, माउंट सोलनच्या नॅचरल चिमनीज पार्कात. चुनखडीचे सात सुळके, उंचातला उंच जवळपास 120 फूट, संध्याकाळचं ऊन त्यांच्यावर आलं की निम्मं पब्लिक स्टेज सोडून तिकडेच बघत बसतं. लाइनअप, तिकीट वगैरे तुम्ही बघालच.

आधी मोटेल. घरातून निघताना ते शहाणपणाचं वाटतं आणि वाटण्यासारखं आहेही. दिवसभर उन्हात बसल्यावर एसी, हवी तेव्हा आंघोळ, लेकीला स्वच्छ बाथरूम, पाठीला गादी. अर्ध्या तासाचा ड्राइव्ह आहे पण सकाळी तो त्रास वाटतच नाही. डेटनच्या बाजूने गेलात तर जुन्या वळणाच्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातल्या लोकांच्या काळ्या घोडागाड्या दिसतात, मक्याची शेतं, लांबवर डोंगर. आमच्या मुलीला पहिल्या वर्षीचं गाणं एकही आठवत नाही पण घोडागाडीतल्या पोराने तिला हात केला होता ते अजून सांगते.

पैशाचं म्हणाल तर आमचे तरी मोटेलात जास्तच गेले, पण तंबू, मॅट्रेस, स्टोव्ह, ताडपत्री असं सगळं नव्याने घ्यायचं असेल तर पहिल्या वर्षी तंबूही स्वस्त पडत नाही. कॅम्पिंगचं तिकीट वेगळं काढावं लागतं हे विसरू नका, आणि ते लवकर काढलेलं बरं.

तंबूची बाजू घेतो म्हणून त्याचे प्रताप लपवत नाही. तंबूच्या पहिल्याच वर्षी शुक्रवारी दुपारी डोंगरावरून काळं आलं आणि वीस मिनिटांत असा कोसळला की विचारू नका. मी ताडपत्री तंबूखाली घातली होती पण तंबूपेक्षा हातभर मोठी, कडा बाहेर राहिलेल्या, म्हणजे पाणी झेलून बरोबर आपल्याच अंगाखाली आणायची सोय करून ठेवलेली. पोह्यांची पिशवी, उशा, मुलीचं रंगवायचं पुस्तक, सगळं तरंगत होतं. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हाच जास्त लागतं. शेजारच्या कॅम्पातल्या काकांनी येऊन न विचारता ताडपत्रीच्या कडा आत दुमडून दिल्या आणि दोन कोरडी ब्लँकेट्स ठेवून गेले. ताडपत्री तंबूपेक्षा लहान हवी, हे माझ्याकडून फुकट घ्या.

आणि झोप. रात्री दोन वाजता शंभर फुटांवर बँजो चालू असेल तर तो उशीतच वाजतोय असं वाटतं, त्या वाद्याला हळू वाजणं माहीतच नाही. अशा बऱ्याच फेस्टिव्हलांत शांत कॅम्पिंगचा वेगळा भाग असतो, लहान मूल बरोबर असेल तर बुकिंग करतानाच बघून घ्या. आमची मुलगी पहिल्या रात्री रडली, दुसऱ्या रात्री त्याच आवाजात ढाराढूर झोपली. तुमचीचं मी कसं सांगणार.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल की मग मोटेलच बरं. मीही दोन वर्षं तेच म्हणत होतो. दुसऱ्या वर्षीच्या मोटेलात (नाव नको) रूम बर्फाच्या मशीनला चिकटून होती आणि रात्रभर खडखडाट, पण ते सोडा, त्यावरून कोणी तंबूत जात नाही. माझं गाडं फिरलं ते खिशातल्या किल्लीमुळे.

त्याचं असं झालं की शनिवारी रात्री मेन स्टेज संपलं आणि आम्ही कॅम्पांमधून पार्किंगकडे चाललो होतो. माझ्याकडे मँडोलिन होती, मला सोलो वगैरे जमत नाही, मी आपला चॉप करतो. ब्लूग्रासमध्ये, म्हणजे तिथे वाजतं त्या बँजो-फिडलच्या अमेरिकन लोकसंगीतात, सहसा ड्रम नसतो ना, मग ठेक्याच्या मधल्या जागी तारा दाबून टक् टक् करत राहायचं काम मँडोलिनकडे असतं, आपल्याकडे भजनात टाळकऱ्याकडे असतं तसंच. एका कॅनॉपीखाली कंदिलाभोवती पाच-सहा जण उभे होते, गिटार, फिडल, बँजो आणि एक सत्तरीच्या आजी स्वतःपेक्षा उंच डबल बास घेऊन. मी जरा लांब उभा राहून चॉप धरला. कोणी नाव विचारलं नाही, बँजोवाला नुसता अर्धं पाऊल सरकला आणि गोलात जागा झाली. तिथे सगळं मानेवर चालतं. ज्याने गाणं धरलं तो मानेने पुढच्याला ब्रेक, म्हणजे सोलोची पाळी, देतो, तो एक फेरी वाजवतो, मग त्याच्या पुढचा, आणि गाणं संपवायचं असलं की धरणारा एक पाय उचलतो. सांगायला सोपं आहे पण पाय उचललेला ज्याला दिसत नाही तो एकटाच वाजवत राहतो, मी दोनदा राहिलो.

पावणेबाराला आजींनी माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे तुझा ब्रेक, घे. आणि नेमकं तेव्हा बायकोने मागून खांद्याला हात लावला. चूक तिची नव्हती हो, मुलगी तिच्या कडेवर झोपलेली, पुढे अर्धा तास अंधारा रस्ता, हरणं कुठून गाडीसमोर येतील नेम नाही, आणि चालवणारा मीच. मी मान नकारार्थी हलवली, आजींनी हसून ब्रेक फिडलकडे दिला, आणि गाडीपर्यंत चालताना ते गाणं मागे ऐकू येत होतं. पूर्ण दोन दिवसांत मला एवढं चिडायला झालं नव्हतं. बरं चिडणार कोणावर.

मग लक्षात आलं की दोन्ही वर्षं हेच चाललंय. दहा वाजल्यापासून मनात हिशोब, किती वाजता निघायचं, दुसरी बिअर घ्यायची का नाही, गाडी कुठे लावलीय, अजून एक गाणं का पुरे. लाउडस्पीकरचा नियम यायच्या आधी सवाई रात्रभर चालायचं तेव्हा माझे वडील म्हणायचे की शेवटची पीएमटी बस गेली की खरं ऐकणं सुरू होतं, कारण आता निघायचा विषयच संपला. मोटेलात उतरलेल्याची शेवटची पीएमटी कधी जातच नाही, ती रात्रभर त्याच्या खिशात असते.

आणि या संगीतात तर रात्रीचा हा भाग मागून चिकटवलेला नाहीये. 1965 साली याच व्हर्जिनियात, फिनकॅसलला, कार्लटन हेनीने घोड्यांच्या फार्मवर लेबर डे वीकेंडला पहिला अनेक दिवसांचा ब्लूग्रास फेस्टिव्हल भरवला, ब्लूग्रासचे जनक म्हणतात ते बिल मन्रो होते त्यात. लोक वाद्यं घेऊन यायचे, वाहनांच्या मध्ये उभं राहून वाजवायचे, अजूनही त्याला पार्किंग लॉट पिकिंगच म्हणतात. स्टेजवरचं तुम्हाला घरी स्पीकरवरही ऐकता येईल, हे येत नाही.

वाजवता येत नसेल तर काय, असं मित्राने विचारलं. खुर्ची घेऊन गोलाच्या बाहेर बसा, कोणी हाकलत नाही, फक्त गोलाच्या मधून चालत जाऊ नका. आणि थोडंफार वाजवत असाल तर आधी ओल्ड टाइमवाल्यांचा, म्हणजे ब्लूग्रासच्याही आधीचं जुनं लोकसंगीत वाजवणाऱ्यांचा, कंपू शोधा. तिथे ब्रेकची भानगड नाही, सगळे एकत्र तीच धून पुन्हा पुन्हा वाजवतात आणि पट्टीही तास-तास बदलत नाहीत कारण पट्टी बदलली की बँजो-फिडल परत लावायचा वैताग. आज डी म्हणजे डी. नवख्याला लपायला याच्याएवढी चांगली जागा नाही.

आता तुमचं तुम्ही बघा. पाठीचा त्रास असेल, मूल अगदीच लहान असेल किंवा तुम्ही दहाला झोपणारे असाल तर मोटेल घ्या, त्यात कमीपणा काही नाही, दिवसाचे कार्यक्रम भरपूर आहेत. मधला मार्ग म्हणून एक रात्र तंबू आणि एक रात्र मोटेल हेही लोक करतात, पण मग तंबूची रात्र शनिवारचीच ठेवा. आरव्हीवाल्यांचं, म्हणजे चाकांवरचं घर घेऊन येणाऱ्यांचं, मला माहीत नाही, ते लोक वेगळेच असतात, पडदे लावून आत मॅच बघत बसलेलेही पाहिलेत.

आम्ही यंदा परत तंबूच टाकतोय, पोहे आणि थेपले ठरलेत, लहान ताडपत्रीही घेतलीय. हॅरिसनबर्गची एक रूम बायकोने मार्चमध्येच करून ठेवली होती, फ्री कॅन्सलेशनवाली. ती तिने अजून कॅन्सल केलेली नाही आणि मीही विषय काढलेला नाही.