एनव्हिडिया आणि एएमडी एकाच डब्यात: आरटीएक्स ३०६० सोबत आरएक्स ६४००

एकाच पीसीत एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० आणि एएमडीचं आरएक्स ६४०० ही ग्राफिक्स कार्डांची जोडी चालते, पण दोन्ही कार्डांची ताकद मिळून गेम दुप्पट पळेल ही आशा सोडा. एसएलआय (एनव्हिडियाची) किंवा क्रॉसफायर (एएमडीची) ही कार्डं जोडण्याची तंत्रं दोन ब्रँडांत जुळतच नाहीत. खरा फायदा कामं वाटून देण्यात आहे. गेम ३०६० वर, आणि लॉसलेस स्केलिंग या ॲपचं फ्रेम जनरेशन, म्हणजे खऱ्या फ्रेममध्ये जादा फ्रेम तयार करणं, ६४०० वर. त्यासाठी मॉनिटरची केबल ६४०० लाच लावा. ३०६० ला लावली तर तयार फ्रेम परत मागे न्यावी लागते आणि फायदा आटतो. मग विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन गेमसाठी ३०६० निवडा. हे विसरलात तर गेम ६४०० वरच उघडू शकतो.

घेण्याआधी मदरबोर्डचा दुसरा स्लॉट तपासा. लांबीला १६ लेनचा (लेन म्हणजे डेटाची वाट) दिसला तरी बऱ्याच बोर्डांवर आत ४ च लेन असतात, आणि बी४५० चिपसेटच्या बोर्डांवर त्याही बहुधा जुन्या पीसीआयई २.० वेगाच्या. तिथे ही जोडी घेऊच नका.

वीज १७० अधिक ५३ वॅट. चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) पुरतो. ६४०० ला वेगळी पॉवर केबल लागत नाही. त्यात व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंगचा व्हिडिओ तयार करणारा भाग) नाही, म्हणून रेकॉर्डिंग ३०६० वरच ठेवा.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. वरच्या कार्डाच्या पंख्याला खालचं कार्ड चिकटलं, तर वरचं कार्ड तापून वेग उतरवणारच. मध्ये एक स्लॉट मोकळा हवाच, आणि समोरून हवा ओढणारे दोन पंखे. जाळीवरची धूळ उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाडा.