मेगाब्लॉकचा रविवार: खाडीपुलावरची बस की ठाण्याचा वळसा?

मुंबई लोकलच्या हार्बर मार्गावर कुर्ला–वाशी ब्लॉक लागला, म्हणजे दुरुस्तीसाठी तिथल्या गाड्या बंद राहिल्या, की मुंबईकडे निघालेल्या नवी मुंबईतल्या नेरूळ-जुईनगरच्या माणसापुढे दोनच वाटा उरतात. विशेष लोकलने वाशी गाठायचं आणि पुढे खाडीपुलावरून बस धरायची, नाहीतर ट्रान्स-हार्बरने, म्हणजे नवी मुंबईहून ठाण्याला जाणाऱ्या लोकलने, ठाणे आणि तिथून दादरकडे जाणारी मेन लाइन. (अटल सेतूवरची बस ज्यांना सोयीची आहे त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.) दादरला आत्या राहते आणि तिच्याकडचे सगळे कार्यक्रम रविवारीच असतात, त्यामुळे दोन्ही वाटा मी भरपूर तुडवल्या आहेत.

नकाशावर बसच उजवी. खाडी ओलांडली की मानखुर्द, चेंबूर, सायन, सगळं ओळीने. त्यापुढे ठाण्याचा वळसा म्हणजे द्राविडी प्राणायाम. बाबा तर पक्के बसवाले. मानखुर्द–वाशी रेल्वे १९९२ साली सुरू झाली, त्याआधीची सवय. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही: एकदा जागा मिळाली की उतरेपर्यंत उठायचं नाही, जिने नाहीत. गुडघे दुखत असतील किंवा सोबत मोठी बॅग असेल आणि बस जिथून सुटते तिथेच चढता येत असेल, तर मीही बसच सांगेन.

माझं घोडं अडलं ते स्टॉपवर. वाशीला लोकल रिकामी होते आणि बारा डब्यांची गर्दी चाळीस सीटांच्या बसची वाट बघत उभी राहते. एका मे महिन्यातल्या ब्लॉकला आम्ही असेच उभे होतो, बायकोच्या हातात आत्यासाठी श्रीखंडाचा डबा. पहिली बस दारापर्यंत भरून आली. दुसरीच्या ड्रायव्हरने न थांबता अंगठ्याने खूण केली, मागची घ्या. मागे रिकामा रस्ता. श्रीखंड पातळ होत चाललं होतं आणि पुढची बस पाच मिनिटांत येणार की पाऊण तासात, हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं. पाऊण तास लागेल असं कोणी सांगितलं असतं तर मी मुकाट उभा राहिलो असतो. न कळण्याचाच त्रास होतो. दुसऱ्यांचं तसं नसेलही.

ठाणेमार्गे त्रास नाही असं नाही. गाडी ९-१० नंबरला लागते आणि तिथून पूल चढून मेन लाइनकडे जाताना सगळं ठाणे समोरून येत असतं. सरकता जिना चालू असला तर नशीब. पण इंडिकेटरवर गाडी दिसते, मिनिटं दिसतात. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण नेरूळहून दादरला दीड तास धरतो आणि बहुतेक वेळा तो दीडच तास असतो. बस कधी तासाभरात नेते, कधी विचारू नका.

तिकिटाचं अनेकांना माहीत नसतं: हार्बरच्या ब्लॉकच्या दिवशी सकाळी १० ते संध्याकाळी ६ हार्बरच्या तिकिटावर किंवा पासावर ठाणेमार्गे जाता येतं. मला एकदा टीसीने अडवलं होतं, तेव्हा ब्लॉकची सूचना मोबाइलवर दाखवली आणि मिटलं. तेव्हापासून तिचा फोटो काढून ठेवतो. परतीला हा प्रश्न येत नाही, कारण ११.१० ते ४.१० चा ब्लॉक संपला की हार्बर सुरू होते. पहिल्या एक-दोन गाड्या मात्र सोडून द्याव्यात.

त्याच रविवारी मेन लाइनवरही माटुंगा–मुलुंड स्लो ट्रॅकचा ब्लॉक असला तर स्लो गाड्या फास्ट ट्रॅकवरून जातात, साधारण पंधरा मिनिटं उशिरा. दादरवाल्याला फरक पडत नाही. नाहूर, कांजूरमार्ग किंवा विद्याविहारला जाणाऱ्याने मात्र आधी बघावं, कारण तिथे त्या थांबत नाहीत. आणि काम ठाण्यातच निघालं तर हा वळसाही बाद. २०२४ च्या ३१ मे ते २ जूनचा ६३ तासांचा ब्लॉक तसाच होता, ५ नंबरचा फलाट रुंद करण्यासाठी. आम्ही घरीच बसलो.

बाकी रविवारी मी ठाण्यावरूनच जातो. गेल्या ब्लॉकला बाबा बसने निघाले, आम्ही गाडीने. आत्याने दार उघडलं तेव्हा त्यांचा चहा निम्मा झाला होता. विषय मी काढला नाही.