मीटरवर मिळणारं बिबट्या प्रिंटचं मखमली कापड: कुशनला छान, अख्ख्या सोफ्याला नको

पुण्याच्या रविवार पेठेत सोफ्या-पडद्याच्या दुकानांतून ताग्यावरून मीटरने मिळणारं पॉलिस्टरचं मखमली कापड, त्यातही बिबट्याच्या ठिपक्यांचं, हा या परीक्षणाचा विषय. पन्हा (रुंदी) ५४ इंच, लव (वरचे उभे मऊ तंतू) आखूड, छपाई डिजिटल. कुशन, स्टूल आणि जेवणाच्या खुर्च्यांच्या बैठकी यांना हे कापड फार देखणं दिसतं. तीन जणांच्या सोफ्याला मात्र ते लावू नये. कारण रंगसंगतीत नाही, कापडाच्या घडणीत आहे.

छपाई पांढऱ्या कापडावर होते. रंग लवेच्या टोकांना भरपूर बसतो, मुळाशी कमी पोचतो. त्यामुळे सोफ्याचा हात, बैठकीची पुढची कड, कोपरे, जिथे जिथे कापड वळणावर ताणलं जातं, तिथे लव फाकते आणि आतली पांढरी रेघ डोकावते. नव्या सोफ्यावर हे महिनाभर लक्षातही येत नाही. फोम दबला, कापड घासलं, की दिसायला लागतं. दुकानातच कापड बोटावर उलटं दुमडून जोरात ताणा. पांढरं दिसलं तर ते कुशनपुरतंच घ्या आणि कडेला साध्या काळ्या किंवा गडद तपकिरी कापडाची पायपिंग घालायला सांगा, म्हणजे शिवणीवरची रेघ झाकली जाते. दुसरी चाचणी ओल्या पांढऱ्या रुमालाची: काळ्या ठिपक्यावर वीस-पंचवीस वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर कितीही सुंदर असो, परत ठेवा. उन्हाळ्यात घामेजल्या पाठीला हाच रंग लागणार.

सोफाच करायचा असेल तर छापलेलं नको, विणलेलं जॅकार्ड मागा. त्यात ठिपका धाग्यातच असतो, पांढरं डोकावण्याचा प्रश्न नाही. मात्र उलट बाजूला लांब मोकळे धागे सुटलेले नाहीत ना, ते पाहा. सॅम्पल बुकच्या मागे मार्टिनडेलचा आकडा, म्हणजे कापड किती वेळा घासलेलं सोसतं त्याचं माप, दिलेला असेल तर रोजच्या वापराला तो निदान २०,००० हवा. घरात मांजर असेल तर उलटा विचार करा: जॅकार्डच्या विणीत नखं अडकतात, आखूड लवेत तितकी अडकत नाहीत.

आता ठिपक्यांविषयी, कारण इथेच प्रिंट जमते किंवा फसते. बिबट्याचं ठिपक्यांचं फूल आतून रिकामं असतं. आत टिंब असेल तर तो जॅग्वार, आणि भरीव गोल ठिपके चित्त्याचे. जुन्नरचे बिबटे ऐकून-पाहून असलेल्या पुणेकरांना हा फरक सांगायला नकोच. खऱ्या बिबट्याच्या अंगावर डोक्याकडे ठिपके बारीक आणि पाठीवर, कुशीवर मोठे. चांगल्या प्रिंटमध्येही लहान-मोठे ठिपके मिसळलेले असतात आणि तीच नक्षी पुन्हा यायला २४ इंच तरी जातात. सहा इंचांवर तेच फूल पुन्हा दिसलं तर कापड लांबून फरशीसारखं चौकटी-चौकटीचं वाटतं. म्हणून दोन मीटर कापड उलगडून दहा फुटांवरून बघा, हातात धरून नव्हे.

बेतण्याचा हिशोब: १६ इंची कुशनला शिवणीसकट १७ इंचांचा चौकोन लागतो. पन्ह्यात तीन आणि एका मीटरमध्ये दोन ओळी, म्हणजे सहा चौकोन. मागची बाजू साधी ठेवली तर मीटरभरात सहा अभ्रे होतात, आणि साधी ठेवावीच. प्रिंट दोन्हीकडून दिसण्यात काही मिळत नाही. जेवणाच्या सहा खुर्च्यांना, १८ इंची बैठक आणि दोन इंच फोम धरून, २४ इंचांचे सहा तुकडे दोन मीटरमध्ये जेमतेम बसतात. पण प्रत्येक बैठकीच्या मधोमध सारखीच नक्षी हवी असेल तर अडीच मीटर घ्या. कापलेलं कापड सहसा परत घेत नाहीत आणि दुसऱ्या ताग्याच्या रंगात फरक पडू शकतो, म्हणून सगळं एकाच ताग्यातून.

कारागिराला एक गोष्ट खडूने लिहून द्या: लवेची दिशा. हात फिरवल्यावर कापड गुळगुळीत लागतं ती बाजू सगळ्या तुकड्यांवर पुढच्या कडेकडे यायला हवी. कापड वाचवायला एखादा तुकडा उलटा लावला तर तोच रंग एका खुर्चीवर गडद आणि शेजारच्या खुर्चीवर फिका दिसतो.

झेब्रा प्रिंट याच कापडात मिळते, पण पुण्याच्या धुळीत पांढरे पट्टे लवकर मळकट होतात. ती रस्त्याकडेच्या खोलीत टाळा.

इस्त्री वरून कधीच फिरवू नका, लव कायमची बसते. उलट बाजूने वाफ द्या, मऊ ब्रशने धूळ काढा आणि पावसाळ्यात कुशन भिंतीला टेकवून ठेवू नका. ओल धरलेल्या भिंतीचा कुबट वास आतल्या भरणाला लागतो आणि अभ्रा धुऊनही जात नाही.